यादीतला पहिला क्रमांक

विद्यापीठाच्या वित्तसाहाय्य कार्यालयात रुजू होऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते, तेव्हा काउंटरवर आलेल्या एका विद्यार्थिनीशी बोलताना मी सहज एक वाक्य बोलून गेले. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून तिला जेवढे शैक्षणिक कर्ज मिळू शकत होते तेवढे तिने घेतले होते, तरीही वर्षाच्या खर्चात काही हजार डॉलर कमी पडत होते, आणि उरलेल्या रकमेसाठी खासगी कर्ज कोणाकडून घ्यावे असे तिने मला विचारले. मी पडद्यावरच्या एका नावाकडे बोट दाखवून म्हणाले, "आमचे बहुतेक विद्यार्थी यांच्याकडून घेतात." वाक्य खरे होते. त्या संस्थेकडून मला काही मिळत नव्हते, तिथल्या कोणाला मी ओळखतही नव्हते. मागच्या वर्षीच्या नोंदींत ते नाव सर्वांत जास्त वेळा दिसले होते, एवढेच.

विद्यार्थिनीने त्याच संध्याकाळी तिथे अर्ज केला. पुढच्या सत्रात ती आईला घेऊन आली, तेव्हा बोलण्याच्या ओघात कळले की आई ज्या क्रेडिट युनियनची, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या सहकारी पतसंस्थेची, सभासद होती तिथे याहून कमी दराने, आणि तेही स्थिर व्याजाने, कर्ज मिळू शकले असते. आईने मला दोष दिला नाही. विद्यापीठानेच सांगितले म्हटल्यावर आम्ही दुसरीकडे पाहिले नाही, एवढेच ती म्हणाली. मी विद्यापीठ नव्हते, काउंटरमागे बसलेली एक नवी कर्मचारी होते. पण काचेच्या पलीकडून हा फरक दिसत नाही, हे मला त्या दिवशी समजले.

वित्तसाहाय्य कर्मचाऱ्यांनी कर्ज देणाऱ्या संस्थांशी कसे वागावे याविषयीचे नियम सांगताना बहुतेक जण लाच, भेटवस्तू आणि सहली यांपासून सुरुवात करतात. त्यात चूक काही नाही, कारण हे नियम ज्या प्रकरणातून आले त्यात हे सगळे होतेच. परंतु मला वाटते की या नियमांचे मूळ त्या आईच्या वाक्यात आहे. घर किंवा गाडी घेताना चार ठिकाणी दर विचारणारी माणसे शिक्षणासाठी कर्ज घेताना चौकशी करत नाहीत, कारण ते कर्ज त्यांना बाजारातली वस्तू वाटतच नाही. प्रवेशपत्र, शुल्काचे बिल, शिष्यवृत्तीचे पत्र आणि कर्जदात्याचे नाव या चारही गोष्टी एकाच दारातून आल्यामुळे चौथीही पहिल्या तिघींसारखीच अधिकृत वाटते.

हे दार किती मोलाचे आहे हे कर्ज देणाऱ्या संस्थांना फार पूर्वी कळले होते. १९६५ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टपासून चालत आलेल्या जुन्या व्यवस्थेत बँका आणि वित्तसंस्था विद्यार्थ्यांना कर्ज देत, आणि कर्ज बुडाले तर त्याचा जवळजवळ सगळा भार केंद्र सरकार उचलत असे. १९९४ पासून सरकार स्वतः थेट कर्ज देऊ लागले, तरीही जुनी व्यवस्था तिच्या शेजारी २०१० पर्यंत चालू राहिली. व्याजाची मर्यादा कायद्याने ठरलेली, बुडण्याची भीती नगण्य, अशा धंद्यात नफा वाढवण्याचा उपाय एकच उरतो, तो म्हणजे कर्जांची संख्या वाढवणे. आणि संख्या वाढवायची तर हजार विद्यार्थ्यांचे मन वळवण्यापेक्षा ते हजार जण ज्या एका कार्यालयाकडे पाहतात ते कार्यालय आपल्या बाजूला असणे कितीतरी स्वस्त पडते. म्हणून विद्यापीठाच्या शिफारशीच्या यादीत, म्हणजे ज्याला आम्ही कार्यालयात 'प्रिफर्ड लेंडर लिस्ट' म्हणतो तिच्यात, नाव यावे यासाठी सगळी स्पर्धा होती.

२००७ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी चौकशी सुरू केली आणि ही स्पर्धा कोणत्या थराला गेली आहे ते बाहेर आले. काही विद्यापीठांचा कर्जदात्यांशी सरळ करार होता, त्यानुसार विद्यार्थ्यांनी घेतलेल्या कर्जाच्या प्रमाणात ठरावीक हिस्सा विद्यापीठाला मिळत असे. काही ठिकाणी वित्तसाहाय्य कार्यालयाच्या दूरध्वनीवर बोलणारी व्यक्ती कर्जसंस्थेने बसवलेली असे, आणि पलीकडच्या विद्यार्थ्याला आपण विद्यापीठाशीच बोलतो आहोत असे वाटत राही. कोलंबिया, ऑस्टिनचे टेक्सस विद्यापीठ आणि सदर्न कॅलिफोर्निया या तीन विद्यापीठांच्या वित्तसाहाय्य प्रमुखांकडे 'स्टुडंट लोन एक्सप्रेस' या कर्जसंस्थेच्या मूळ कंपनीचे शेअर होते असे उघड झाले, आणि ती संस्था त्यांच्या शिफारशीच्या याद्यांत होती. केंद्रीय शिक्षण विभागातल्या एका अधिकाऱ्याकडेही तेच शेअर निघाले. एप्रिल २००७ मध्ये सिटीबँक आणि सॅली मे या कर्ज देणाऱ्या संस्थांनी प्रत्येकी २० लाख डॉलर विद्यार्थी-प्रबोधनाच्या निधीत देण्याचे आणि नवी आचारसंहिता पाळण्याचे मान्य केले. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी यांच्यासह काही विद्यापीठांनी मिळून ३० लाखांहून अधिक डॉलर विद्यार्थ्यांना परत करण्याची तयारी दाखवली.

या प्रकरणातली शेअरची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली, कारण ती समजायला सोपी आहे. मला मात्र महसुलातल्या हिश्श्याची गोष्ट जास्त अस्वस्थ करते. त्या वेळी अनेक विद्यापीठांचे म्हणणे असे होते की हा पैसा कोणाच्याही खिशात गेला नाही, तो गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठीच खर्च झाला, आणि मला ते खोटे वाटत नाही. पण त्याचा अर्थ काय होतो ते नीट पाहिले पाहिजे. एका विद्यार्थ्याने भरलेल्या व्याजातला एक तुकडा त्याला न सांगता बाजूला काढायचा आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला अनुदान म्हणून द्यायचा, आणि व्याज भरणाऱ्याला मात्र वाटत राहणार की विद्यापीठाने आपल्यासाठी सर्वांत चांगला कर्जदाता निवडून दिला आहे. हेतू कितीही चांगला असला तरी ज्याच्या खर्चाने तो साधला जातो त्याला तो माहीत नसेल, तर त्याला मदत म्हणता येत नाही.

याच जातीचा आणखी एक प्रकार होता. एखादी संस्था म्हणे, ज्या विद्यार्थ्यांची पत कमी आहे किंवा जे परदेशी असल्यामुळे सरकारी कर्जाला पात्र नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही खासगी कर्जाचा वेगळा निधी राखून ठेवतो, त्या बदल्यात तुम्ही बाकीच्या विद्यार्थ्यांची कर्जे आमच्याकडे वळवा. समोर खरोखर अडलेला विद्यार्थी बसलेला असताना असा प्रस्ताव नाकारणे किती कठीण असेल याची कल्पना मला करता येते, कारण असे अडलेले विद्यार्थी मी दर ऑगस्टमध्ये पाहते. पुढे कायद्याने हा व्यवहार स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवला, याचे मला समाधान आहे. असे प्रश्न ऑगस्टमध्ये, काउंटरवर रांग असताना, एकेका कर्मचाऱ्याच्या विवेकावर सोडू नयेत.

२००७ मध्येच न्यूयॉर्क राज्याने स्वतंत्र कायदा केला. वित्तसाहाय्य कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे 'नास्फा'ने, आपल्या सभासदांसाठी आचारसंहिता जाहीर केली. १४ ऑगस्ट २००८ रोजी हायर एज्युकेशन ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्टवर स्वाक्षरी झाली, आणि केंद्र सरकारच्या कर्जयोजनांत भाग घेणाऱ्या विद्यापीठांना अशी आचारसंहिता करणे, ती संकेतस्थळावर ठळकपणे लावणे आणि कर्जाशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी तिची माहिती देणे बंधनकारक झाले. महसुलातला हिस्सा बंद, नाममात्र किमतीपलीकडची भेट बंद, सल्लागार म्हणून मानधन बंद, कर्जसंस्थेने पुरवलेले मनुष्यबळ बंद. सल्लागार मंडळावर बसायला हरकत नाही, पण वाजवी प्रवासखर्चापलीकडे काही घेता येत नाही. प्रशिक्षणाच्या वेळी दिलेले जेवण चालते. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना दिलेली भेट, त्याला ती माहीत असेल आणि त्याच्या पदामुळेच दिली गेली असेल, तर त्यालाच दिली असे धरले जाते. हे सगळे सरळ आहे आणि गेल्या अनेक वर्षांत मला त्यातल्या कशाचाही अर्थ लावताना अडचण आलेली नाही.

भेटवस्तूंबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तिने माझे एक मत बदलले. कर्जसंस्थेचे नाव छापलेले पेन किंवा कागदाचा गठ्ठा कार्यालयात पडून असणे ही अगदी क्षुल्लक बाब आहे, असे मी बराच काळ समजत असे. चार आण्यांच्या पेनासाठी कोण आपला निर्णय बदलणार? मग एकदा एक मुलगा अर्ज भरता भरता थांबला, हातातल्या पेनावरचे नाव मला दाखवून त्याने विचारले की विद्यापीठाचे कर्ज ते हेच ना. कोणी प्रतिनिधी कधीतरी ठेवून गेलेले ते पेन काउंटरवरच्या पेल्यात आमच्या विद्यापीठाच्या पेनांमध्ये मिसळले होते. कर्जदात्याने विद्यापीठाचे नाव, चिन्ह किंवा बोधचित्र वापरून कर्ज विकू नये असा नियम कायद्यात का आहे, हे मला तोवर पाठ होते, त्या दिवशी समजले. पेनाचा परिणाम माझ्यावर होतो का, हा प्रश्नच मी चुकीचा विचारत होते. त्या दुपारी मी पेला रिकामा करून एकेक पेन तपासले. सतरा पेनांपैकी पाच आमची नव्हती.

यादीकडे परत येते, कारण खरा पेच तिथे आहे. शिफारशीची यादी करायचीच असेल तर खासगी कर्जांच्या बाबतीत तिच्यात एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान २ संस्था हव्यात, त्या का निवडल्या हे लिहायला हवे, आणि यादीबाहेरच्या कोणाकडूनही कर्ज घेण्याचा विद्यार्थ्याला अधिकार आहे हे स्पष्टपणे सांगायला हवे. या सगळ्याच्या वर कायद्याने दोन कर्तव्ये घातली आहेत, ती काळजी आणि निष्ठा यांची: यादी पूर्वग्रहाशिवाय आणि केवळ विद्यार्थी व त्यांचे कुटुंबीय यांच्या हितासाठी केली पाहिजे. निष्ठा हा शब्द कायद्यात सहसा विश्वस्तांसाठी येतो. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने तो गंभीरपणे घ्यावा असे मला वाटते.

परंतु अनेक कार्यालयांनी दुसरा मार्ग धरला. शिफारस केली की जबाबदारी आली, म्हणून शिफारसच करायची नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यार्थ्यांना ज्यांनी ज्यांनी कर्ज दिले त्या सर्वांची नावे एका पानावर द्यायची, आम्ही कोणाचाही पुरस्कार करत नाही असे वर लिहायचे, आणि विचारणाऱ्याला त्या पानाचा दुवा पाठवायचा. नियमांना हे मान्य आहे. पण चाळीस नावांच्या यादीपुढे अठरा वर्षांचा मुलगा काय करतो? तो पहिल्या नावावर टिचकी मारतो. यादी वर्णानुक्रमे असेल तर ज्या संस्थेचे नाव 'ए' ने सुरू होते तिला आम्ही काहीही न बोलता शिफारस देऊन टाकलेली असते. काही ठिकाणी पान उघडेल तशी नावे दर वेळी वेगळ्या क्रमाने दिसतात. हा उपाय मला आवडतो, पण त्याने वाचणाऱ्याला निवडायचे कसे ते कळत नाही.

२००७ च्या प्रकरणाने आमच्या व्यवसायाला दिलेली भीती अशी उलट्या दिशेनेही काम करते. "याबद्दल आम्हाला सल्ला देता येत नाही," हे वाक्य मी सहकाऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे, आणि स्वतःही इतक्या वेळा म्हटले आहे, की ते नियमपुस्तकात असावे असे नव्या माणसाला वाटते. ते तिथे नाही. नियम कर्जदात्याची बाजू घेऊ नका असे सांगतात, विद्यार्थ्याची बाजू सोडून द्या असे कुठेही सांगत नाहीत.

मागच्या वर्षी एक मुलगी आणि तिचे वडील दोन प्रस्तावांचे कागद घेऊन आले. एकावर ठळक अक्षरांत कमी दर होता आणि त्याच्या आधी बारीक अक्षरांत 'पासून' असा शब्द होता. दुसऱ्यावर दर जास्त होता, पण स्थिर होता. मी कोणत्याही संस्थेचे नाव न घेता पाऊण तास त्यांच्याशी बोलले. 'पासून' म्हणजे उत्तम पत असलेल्या जामीनदाराला मिळणारा दर, तुम्हाला मिळेलच असा नव्हे. बदलता दर पुढे कुठवर चढू शकतो ते कागदावर कुठे शोधायचे. शिक्षण चालू असताना व्याज साचते का आणि ते मुद्दलात केव्हा मिळवले जाते. वडिलांचे नाव जामीनदार म्हणून किती हप्त्यांनंतर काढता येते. विद्यार्थ्याला कायमचे अपंगत्व आले तर कर्ज माफ होते की वडिलांच्या माथी येते. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी मी तो विचारतेच. मग १०,००० डॉलरचे गणित कागदावर मांडले: १० वर्षांत फेडायचे तर ६ टक्क्यांनी महिन्याला सुमारे १११ डॉलर, ९ टक्क्यांनी सुमारे १२७. महिन्याचा फरक किरकोळ दिसतो, पण शेवटी तो जवळजवळ १,८८० डॉलरचा होतो. कर्ज मंजूर झाल्यावर प्रस्ताव स्वीकारायला ३० दिवस मिळतात आणि त्यानंतरही कामकाजाच्या ३ दिवसांत रद्द करता येते, हे त्यांना माहीत नव्हते. दोघांनी काय निवडले ते मी विचारले नाही. त्यांचा अर्ज प्रमाणित करण्यासाठी माझ्याकडे आला तेव्हा कळले की त्यांनी तिसरीकडूनच कर्ज घेतले होते.

प्रमाणित करण्याचेही दोन शब्द सांगायला हवेत, कारण बाहेरच्या लोकांना हा टप्पा दिसत नाही. विद्यार्थी प्रवेशित आहे आणि मागितलेली रक्कम शिक्षणाच्या खर्चातून इतर मदत वजा केल्यावर उरणाऱ्या गरजेपेक्षा जास्त नाही, असे विद्यापीठाने कळवले की पैसे सुटतात. कर्जदाता पसंत नाही म्हणून हे काम नाकारणे किंवा लांबवणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि मुद्दाम कोणी तसे करत असेल असे मला वाटत नाही. पण बहुतेक मोठ्या संस्था आमच्या संगणकप्रणालीशी जोडलेल्या असतात, त्यांचे काम दोन दिवसांत होते, आणि लहान क्रेडिट युनियनचा अर्ज फॅक्सने येतो व ट्रेमध्ये पडून राहतो. शुल्क भरण्याची मुदत जवळ आलेली असते. रांगेतला कोणीतरी म्हणतो की त्या मोठ्या संस्थेचे काम लवकर होते, आणि शिफारस होऊन जाते. आमच्या विभागप्रमुखांनी काही वर्षांपूर्वी असा नियम केला की कागदावर आलेले अर्ज रोज सकाळी संगणकावरच्या अर्जांच्या आधी हातावेगळे करायचे. नैतिकतेवरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा मला त्या नियमाने जास्त शिकवले.

२०१० मध्ये जुनी व्यवस्था बंद झाली, १ जुलैपासून सरकारी कर्जे थेट सरकारकडूनच मिळू लागली, आणि कर्जसंस्थांच्या प्रतिनिधींचे येणे-जाणे हळूहळू कमी झाले. पदवीपूर्व विद्यार्थ्यांना तरीही खासगी कर्ज लागत असे, कारण पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी सरकारकडून स्वतःच्या नावावर ५,५०० डॉलरच मिळतात. परदेशी विद्यार्थ्यांना तर दुसरा मार्गच नव्हता. पदव्युत्तर विद्यार्थी मात्र ग्रॅड प्लस या सरकारी कर्जातून शिक्षणाचा जवळजवळ सगळा खर्च भागवू शकत, त्यामुळे त्यांची वेळ आमच्या यादीपर्यंत क्वचितच येई. ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने हे बदलले. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस बंद, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षाला २०,५०० डॉलरची आणि एकूण १,००,००० ची मर्यादा, वैद्यकासारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० ची. पालकांच्या कर्जावरही वर्षाला २०,००० आणि एका विद्यार्थ्यामागे एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली. याच्या वरचा पैसा कुठून तरी आणावाच लागणार.

त्यामुळे प्रतिनिधी परत येऊ लागले आहेत. सभ्य, अभ्यासू माणसे आहेत, त्यांच्यापैकी काही पूर्वी आमच्याच व्यवसायात होती, आणि त्यांच्याकडून मला बाजारातले बदल कळतात, म्हणून मी त्यांना भेटते. भेट कार्यालयातच होते, दोन कर्मचारी हजर असतात, आणि काय बोलणे झाले ते वहीत लिहून ठेवले जाते. आता नवी यादी करायचे काम माझ्याकडे आले आहे. मसुद्यात सध्या पाच संस्था आहेत, प्रत्येकीपुढे स्थिर दराची कमाल मर्यादा, जामीनदाराला मोकळे करण्याची अट, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास काय होते याचे रकाने आहेत, आणि कमी दराचा तो 'पासून' आकडा मी वगळला आहे. एका प्रतिनिधीने त्याबद्दल नापसंती कळवली आहे. नावे कोणत्या क्रमाने लावायची यावर विभागप्रमुखांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. त्यांना दर वेळी बदलणारा क्रम हवा आहे, माझे म्हणणे आहे की स्थिर दराची कमाल मर्यादा ज्याची सर्वांत कमी ते नाव वर असावे आणि तसे यादीच्या डोक्यावर लिहावे. पुढच्या मंगळवारी आम्ही दोन्ही मसुदे चार विद्यार्थ्यांपुढे ठेवणार आहोत, आणि ते आधी कुठे बोट ठेवतात ते पाहणार आहोत.